बजबजहून बँकॉक: जायचं कसं, फिरायचं कसं

1872 सालच्या सुरुवातीला सयामचा राजा चुलालाँगकोर्न हिंदुस्थान पाहायला आला. वय अठरा वर्षांचं, गादीवर येऊन तीन-चार वर्षं झालेली. बँकॉकहून आगबोटीनं सिंगापूर, मोलमीन, रंगून करत तो कलकत्त्याला पोचला आणि तिथून आगगाडीनं दिल्ली, आग्रा, मुंबईपर्यंत फिरून आला. समुद्रातून हुगळीत शिरून कलकत्त्याकडे येणारं कुठलंही जहाज बजबजच्या घाटासमोरून जातं, तेव्हा राजाची बोटही इथूनच गेली असणार. आता वाहतूक उलट्या दिशेनं चालते. दुर्गापूजेची सुट्टी लागली की अर्धं कोलकाता बँकॉकच्या विमानात बसतं, आणि त्यात तेल डेपो, ज्यूट गिरण्या नाहीतर पुजालीच्या वीज केंद्रातल्या नोकरीपायी बजबजला येऊन राहिलेली मराठी कुटुंबंही असतात.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. कोलकात्याहून मुंबई आणि कोलकात्याहून बँकॉक ही अंतरं जवळपास सारखीच आहेत, दोन्ही सोळाशे-साडेसोळाशे किलोमीटर. विमानाला दोन्हीकडे अडीच-पावणेतीन तास लागतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला बँकॉक म्हणजे परदेशवारी वाटते, ते साहजिक आहे. हुगळीकाठी राहणाऱ्याला मात्र ते माहेराइतकंच लांब आहे. आणि आपल्याकडे आणखी एक सोय आहे, तिचा उपयोग फारच थोडे लोक करतात. बँकॉक हे नदीचं आणि कालव्यांचं शहर आहे. घाट, जेट्टी, भरती-ओहोटी आणि फेरीबोट यांची सवय असलेल्या माणसाला ते लवकर कळतं. बसच्या काचेतून ते कळत नाही. पॅकेज टूरवाले नेमकं तेच करतात: दोन रात्री पट्टाया, दोन रात्री बँकॉक, आणि बँकॉकमधला निम्मा वेळ रत्नांच्या दुकानात आणि ट्रॅफिकमध्ये. हा लेख त्या वाटेनं जाणारा नाही.

आधी कागदपत्रं. जुलै 2024 पासून थायलंडनं भारतीय पासपोर्टवर साठ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश देणं सुरू केलं. त्याआधी नोव्हेंबर 2023 पासून ही सवलत तीस दिवसांची होती. असे नियम सरकार बदललं की बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी एकदा खात्री करून घ्यावी. थायलंडची वकिलात बालीगंजच्या मँडेव्हिल गार्डन्समध्ये आहे, म्हणजे आपल्या बजबज लोकलच्याच वाटेवर. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी. दुसरी गोष्ट, 1 मे 2025 पासून थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं झालं आहे. विमान उतरण्याच्या आधीच्या 72 तासांत ते त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर भरायचं असतं. त्याला एक पैसाही पडत नाही. इंटरनेटवर शोधायला गेलं की पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं वर येतात. तिथं कार्डाचा नंबर टाकू नका. भरल्यावर क्यूआर कोड मिळतो, तो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक कागदावरही छापून घ्या. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेत उतरते.

व्हिसा लागत नाही म्हणून कुणी काही विचारत नाही, असं मात्र नाही. खरी चौकशी बँकॉकला होण्याआधी कोलकात्याच्या काउंटरवर होते, कारण प्रवेश नाकारला तर परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते. प्रश्न ठरलेले: परतीचं तिकीट आहे का, राहणार कुठे, पैसे किती आहेत. बजबजला राहणाऱ्याला हे प्रश्न ओळखीचे वाटायला हरकत नाही. 1914 साली कोमागाता मारू जहाजातून 376 माणसं कॅनडाच्या व्हँकूव्हर बंदरात पोचली. बहुतेक पंजाबी शीख होती. त्यांनाही असंच विचारलं गेलं होतं: जन्मदेशातून थेट, कुठेही न थांबता आलात का, आणि खिशात दोनशे डॉलर आहेत का. दोन महिने जहाज बंदरात अडकवून शेवटी परत पाठवलं. 29 सप्टेंबरला ते बजबजला लागलं, प्रवाशांना खास गाडीत कोंबून पंजाबला धाडायचा सरकारचा बेत होता, माणसं ऐकेनात, चालत कलकत्त्याकडे निघाली, आणि संध्याकाळी गोळीबार झाला. वीसएक माणसं मेली. त्यांचं स्मारक इथं आहे, आणि रेल्वे स्टेशनच्या नावातही आता कोमागाता मारू आहे. परतीचं तिकीट आणि हॉटेलची पावती हातात धरून उभं राहताना कधी कधी ते आठवतं, एवढंच.

पैशाचं सोपं आहे. एका थाई बाटला साधारण पावणेतीन रुपये पडतात असं धरून चाला. कोलकात्यातच परवानाधारक विनिमय केंद्रातून थोडे बाट किंवा डॉलर घ्यावेत आणि बाकी फॉरेक्स कार्डावर ठेवावं. बँकॉकच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या दिसणाऱ्या काउंटरवर भाव वाईट असतो. तिथं टॅक्सीपुरते बदला, उरलेले शहरात. सुपररिच नावाची विनिमय केंद्रं तिथं प्रसिद्ध आहेत, सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरात, रेल्वे स्थानकापाशीही त्यांच्या खिडक्या आहेत, आणि वरच्या मजल्यापेक्षा तिथं बरा भाव मिळतो. एटीएम मात्र टाळा: परदेशी कार्डावर दर खेपेला दोनशे बाटांहून जास्त शुल्क कापलं जातं, मग तुम्ही हजार काढा की दहा हजार. गाड्यावर, बोटीवर, देवळाच्या खिडकीवर रोख लागते. मोठी नोट दिली की समोरचा नाराज होतो, म्हणून वीस आणि शंभरच्या नोटा जपून ठेवा.

बजबजहून विमानतळ गाठणं पूर्वी त्रासाचं होतं. शियालदा, मग टॅक्सी, मग व्हीआयपी रोडचा खोळंबा. ऑगस्ट 2025 मध्ये नोआपाडा ते विमानतळ ही मेट्रो सुरू झाली आणि चित्र पालटलं. बजबज लोकलनं टॉलीगंजला उतरायचं, शेजारीच रवींद्र सरोवर मेट्रो स्टेशन आहे, तिथून निळ्या मार्गानं नोआपाडा, आणि तिथं गाडी बदलून जय हिंद विमानबंदर. बॅगा हलक्या असतील तर हा रस्ता टॅक्सीच्या कितीतरी पट स्वस्त आणि भरवशाचा आहे. अडचण एकच. बँकॉकची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि मेट्रो रात्री बंद होते. मध्यरात्रीचं विमान असेल तर संध्याकाळीच मेट्रोनं जाऊन बसावं किंवा गाडी ठरवावी. पहाटेच्या लोकलच्या भरवशावर राहू नये.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत आणि तिकिटावर नीट पाहिलं नाही तर गोंधळ होतो. थाई एअरवेज, इंडिगो सुवर्णभूमीला उतरतात. थाई एअर एशिया जुन्या डॉन मुआंगला. सुवर्णभूमी 2006 साली सुरू झाला. त्याच्या प्रस्थान दालनात समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प आहे: मधे मंदार पर्वत, त्याच्यावर विष्णू, दोन्ही बाजूंनी वासुकी ओढणारे देव आणि दानव. येताना ते दिसत नाही, परतताना सुरक्षा तपासणीनंतर पाहायला विसरू नका. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. इमिग्रेशनला फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, शिक्का मारतात, प्रश्न क्वचितच. शिक्क्यावरची शेवटची तारीख तिथल्या तिथं वाचून घ्या.

तळघरात एअरपोर्ट रेल लिंक आहे. 45 बाटांत अर्ध्या तासाच्या आत फाया थाईला पोचवते, आणि तिथं बीटीएस म्हणजे उंचावरून धावणारी स्कायट्रेन मिळते. मक्कासानला उतरलात तर चालत पेचबुरीला जाऊन भुयारी एमआरटी पकडता येते. कुटुंब मोठं असेल, बरोबर आजी-आजोबा असतील तर टॅक्सी बरी. यंत्रातून पावती काढायची, तिच्यावर लिहिलेल्या क्रमांकाच्या खांबापाशी टॅक्सी उभी असते. मीटर 35 बाटांपासून सुरू होतं, वर विमानतळाचे 50 आणि टोल. चालक मीटर नाही म्हणाला तर सरळ उतरून पुढची घ्या. शहरात ग्रॅब आणि बोल्ट या ॲपवरच्या गाड्या चालतात, त्यात घासाघीस नाही. टुकटुक एकदा गंमत म्हणून बसायचं वाहन आहे. प्रवासाचं साधन म्हणून ते महाग पडतं.

हॉटेल कुठं घ्यावं, हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर सोपं: कुठल्याही बीटीएस किंवा एमआरटी स्थानकापासून पाच-सात मिनिटांवर. सुखुमवित की सिलोम की चायनाटाउन, हा नंतरचा प्रश्न. स्थानकापासून लांब असलेलं स्वस्त हॉटेल टॅक्सीत सगळी बचत खाऊन टाकतं. बीटीएस 1999 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, एमआरटी 2004 मध्ये, आणि दोन्ही वेगळ्या संस्था चालवतात, त्यामुळे तिकिटंही वेगळी. एमआरटीत बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून जाता येतं. बीटीएससाठी रॅबिट कार्ड किंवा सुटं तिकीट घ्यावं लागतं.

आता नदी. पहिल्या सकाळी बीटीएसनं सफान ताक्सिन स्थानकाला उतरा. जिना उतरलं की समोर सातोर्न जेट्टी, चाओ फ्राया नदी. इथून एक्स्प्रेस बोटी वर उत्तरेकडे जातात. बोटीच्या शेपटाकडे लावलेल्या झेंड्याच्या रंगावरून ती कुठं थांबणार ते ठरतं. नारिंगी झेंडा म्हणजे रोजच्या लोकांची बोट, कुठंही उतरा, सोळा बाट. निळा झेंडा पर्यटकांचा, त्याचे पैसे दुपटीच्या आसपास, आणि जेट्टीवरची ताई तुम्हाला आवर्जून निळ्याच्या रांगेत ढकलते. नारिंगीसाठी थांबा.

बोट धक्क्याला लागते ते पाहण्यासारखं असतं. मागच्या टोकाला उभा असलेला पोऱ्या शिट्टी वाजवतो. कप्तानाला धक्का दिसत नाही, तो त्या शिट्टीच्या खुणांवर बोट मागे-पुढे घेतो. लांब शिट्टी, दोन आखूड, पुन्हा एक. दोर खुंट्याला एक वेढा घालतो न घालतो तोच माणसं उतरतात, चढतात, आणि बोट सुटते. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. बजबज-बावडिया फेरीला चढणाऱ्याला उडी कधी मारायची हे शिकवावं लागत नाही. आत तिकीट देणारी बाई हातात लांबट पत्र्याची नळी घेऊन फिरते. नळीत चिल्लर आणि तिकिटांचा रोल दोन्ही असतं, आणि ती नळी उघडझाप करत खडखड वाजवते, म्हणजे पैसे काढा. मागे एका बाजूला भिक्खूंसाठी जागा राखीव असते. तिथं उभं राहू नका, बायकांनी तर नाहीच.

नदीच्या पूर्व काठावर, म्हणजे उजव्या हाताला, ताक्सिन पुलापासून वरच्या बाजूला जुनं शहर लागतं. ते इथं का वसलं हे नदीवरूनच समजतं. 1767 साली ब्रह्मी फौजेनं अयुथ्थया ही जुनी राजधानी जाळली. ताक्सिन राजानं पश्चिम काठावर थोनबुरीला नवी राजधानी केली. 1782 मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला आणि त्यानं राजधानी नदीपलीकडे पूर्व काठावर नेली. तिथं नदी मोठं वळण घेते. तीन बाजूंनी पाणी होतंच, उरलेल्या बाजूला कालवे खणले की बेट तयार. राजवाडा, देवळं, बाजार सगळं त्या वळणाच्या आत बसवलं. हे लक्षात ठेवलं की नकाशाची भीती वाटत नाही.

था चांग जेट्टीला उतरून राजवाडा. सकाळी साडेआठला दार उघडतं, तेव्हाच जा. तिकीट 500 बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अर्धी चड्डी किंवा बिनबाह्यांचा कुर्ता चालत नाही. आता सर्वांत जुनी फसवणूक. राजवाड्याच्या आसपास नीटनेटक्या कपड्यांतला एखादा गृहस्थ आदबीनं सांगतो की आज राजवाडा बंद आहे, बौद्ध सण आहे, तोवर मी तुम्हाला टुकटुकमधून दुसरी देवळं दाखवतो, फक्त वीस बाट. त्या फेरीचा शेवट रत्नांच्या किंवा सुटाच्या दुकानात होतो. तो काहीही म्हणो, तुम्ही दारापर्यंत चालत जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

राजवाड्याच्या आवारातलं वाट फ्रा काएव म्हणजे पाचूच्या बुद्धाचं देऊळ. मूर्ती पाचूची नाही, हिरव्या जेड जातीच्या दगडाची आहे, आणि दोन फुटांहून थोडी उंच. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी तीन ऋतूंची तीन वस्त्रं तिला असतात आणि ऋतू बदलला की राजा स्वतः ती बदलतो. बहुतेक माणसं मूर्ती पाहून बाहेर पडतात आणि ज्यासाठी मराठी माणसानं इथं एक तास काढायला हवा ते चुकवतात: आवाराभोवतीच्या ओवऱ्यांत रामाकिएनची, म्हणजे थाई रामायणाची 178 भित्तिचित्रं आहेत. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं चालत गेलं की कथा ओळीनं पुढे सरकते. कथा आपली आणि आपली नाहीही. इथला मारुती ब्रह्मचारी नाही. सेतू बांधायला लागतात तेव्हा रावणाची मत्स्यकन्या, सुवण्णमच्छा, रात्री येऊन दगड पळवते. हनुमान पाण्यात सूर मारून तिला पकडतो आणि दोघांचं जमतं. पुढे त्यांना मुलगाही होतो. आपल्या घरच्या शनिवारच्या मारुतीशी हे जुळवून घ्यायला वेळ लागतो. पण चित्रातल्या वानरांच्या चेहऱ्यांवरची मजा, लंकेतल्या बाजारातली माणसं, सोन्याच्या वर्खाचा वापर, हे इतकं बारकाईचं आहे की वाद घालावासा वाटत नाही.

तिथून चालत वाट फो. 46 मीटर लांब पहुडलेला बुद्ध, तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात 108 मंगलचिन्हं. भिंतीकडेला 108 कांस्यपात्रांची रांग आहे, मूठभर चिल्लर घेऊन प्रत्येकात एक नाणं टाकत लोक जातात आणि त्या टणटणाटानं दालन भरून राहतं. तिकीट 300 बाट. पारंपरिक थाई मालिशीची शाळा याच आवारात आहे. रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानापेक्षा इथं पैसे टाकलेले बरे. आवारात चिनी दगडी पुतळे दिसतात, ते सजावटीसाठी मागवलेले नव्हते. चीनहून रिकाम्या येणाऱ्या जहाजांत तोल राखायला भार म्हणून भरलेला माल होता तो. बंदराच्या गावात राहणाऱ्याला ही गोष्ट लगेच पटते.

वाट फोच्या मागे था तिएन जेट्टी. तिथून पलीकडे जायला पाच बाटांची फेरी. समोरचं वाट अरुण हे थोनबुरीच्या काळातलं राजदेऊळ, पाचूचा बुद्ध आधी इथंच होता. त्याचा उंच प्रांग, म्हणजे शिखराचा मनोरा, चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवला आहे: लांबून पांढरट मनोरा, जवळ गेलं की बशांच्या कडा, फुलं, पानं, अगदी अख्ख्या वाट्या. वरच्या कोनाड्यांत ऐरावतावर बसलेला इंद्र आहे. तिकीट 200. तिन्ही मिळून हजार बाट झाले, म्हणजे माणशी पावणेतीन हजार रुपये. थाई नागरिकांना यातलं काहीच भरावं लागत नाही. आपल्याकडे ताजमहालला परदेशी माणसाकडून आपण काय घेतो ते आठवून गप्प बसावं.

दुसरा दिवस कालव्याला द्या. खलाँग सेन सेप हा कालवा 1837 पासून खणला गेला, व्हिएतनामकडच्या लढाईसाठी फौज आणि रसद न्यायला. आज त्यावर ऑफिसला जाणाऱ्यांच्या बोटी धावतात, भाडं वीस बाटांच्या आसपास. पर्यटक इथं कमी. प्रतुनाम जेट्टीवर बोट बदलून शेवटच्या पानफा लीलार्दपर्यंत जायचं. पाणी काळं आणि वासाचं आहे, हे आधीच सांगतो. बोटीच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे असतात, समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्यानं दोरी ओढून पडदा वर घ्यायचा. ते काम तुमचं, कंडक्टरचं नाही. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून दोरीला धरत चालत भाडं गोळा करतो. पूल फार खाली असतील तिथं बोटीचं छप्परच खाली उतरवतात, आणि सगळे प्रवासी एकदम मान वाकवतात.

पानफाला उतरलं की समोर सोनेरी टेकडी, वाट साकेत. तीनशेहून जास्त पायऱ्या, पण चढ हळू आणि सावलीचा. वर स्तूपात बुद्धाच्या अस्थी आहेत, आणि त्या आल्या कुठून हे कोलकात्याच्या माणसानं जाणून घ्यावं असं आहे. 1898 साली नेपाळच्या सीमेलगत पिपरहवा इथल्या स्तूपात विल्यम पेप्पे नावाच्या ब्रिटिश जमीनदाराला अस्थी, रत्नं आणि कोरलेला कलश सापडला. ब्रिटिश सरकारनं अस्थी सयामच्या राजाला भेट दिल्या. राजा तोच, चुलालाँगकोर्न. रत्नांतला मोठा वाटा कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला. पेप्पे घराण्याकडे राहिलेली रत्नं 2025 मध्ये हाँगकाँगला लिलावाला निघाली होती; तो लिलाव थांबला आणि मुंबईच्या गोदरेज समूहामार्फत ती भारतात परत आली. म्हणजे चौरंगीच्या म्युझियममध्ये आधी जाऊन मग ही टेकडी चढली तर एकाच स्तूपातल्या वस्तू दोन देशांत पाहून होतात.

टेकडीवरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की लाल लाकडी खांबांचा उंच झोपाळा आणि त्याच्याजवळच देवस्थान, राजदरबारातल्या ब्राह्मणांचं देऊळ. 1784 मधलं. शिव, गणपती, विष्णू यांच्या तीन छोट्या इमारती, पांढऱ्या, साध्या. राज्याभिषेकाचे विधी आजही इथले ब्राह्मण करतात. याच भागात थाई-भारत कल्चरल लॉज आहे. रवींद्रनाथ ठाकूर 1927 मध्ये सयामला गेले होते, त्या भेटीनंतर काही वर्षांनी, 1932 मध्ये, कलकत्त्याहून स्वामी सत्यानंद पुरी इथं आले, थाई भाषा शिकले, थाईत लिहू लागले. लॉजची स्थापना त्यांचीच, 1940 ची. 1942 च्या मार्चमध्ये टोकियोच्या परिषदेला जाताना विमान अपघातात ते गेले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रासबिहारी बोस यांच्या अध्यक्षतेखाली आझाद हिंद चळवळीची मोठी परिषद बँकॉकमध्ये भरली. हा इतिहास पॅकेजच्या यादीत कधीच नसतो.

गणपती मात्र यादीत नसला तरी भेटतोच. सेंट्रल वर्ल्ड या मॉलच्या कोपऱ्यावर एक गणपती आणि एक त्रिमूर्ती शेजारी शेजारी. हुआय ख्वांगला चौकातच मोठं देऊळ. थाई लोक त्याला कलावंतांचा देव मानतात, आणि त्यांच्या ललितकला विभागाचं बोधचिन्हही गणपतीच आहे. झेंडूच्या माळा, लाल सरबताच्या बाटल्या, उंदराच्या कानात सांगितलेला नवस, हे सगळं दिसतं. सेंट्रल वर्ल्डजवळच राचप्रसोंग चौकात 1956 साली बसवलेला चतुर्मुख ब्रह्मा, आणि सिलोमला 1879 मधलं तमिळांचं मारिअम्मन देऊळ.

शाकाहाऱ्यांनी खाण्याबाबत जरा सावध राहायला हवं. 'मांस नको' म्हटलं तरी माशाचा सॉस, नाम प्ला, पडतोच, आणि पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असतेच. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षर असलेली दुकानं शोधा. ती 'जे' पद्धतीची: मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंनाही तिथं जेवता येईल. पाहुरात या भागात कापडाची शीख दुकानं आणि सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे, तिथं लंगर मिळतो. मासे खाणाऱ्यांना मी काय सांगायचं? चायनाटाउनला वाट मंगकोन स्थानकावर संध्याकाळी सहानंतर उतरा आणि जिथं थाई माणसांची रांग आहे तिथं उभं राहा.

काही नियम मात्र गमतीचे नाहीत. राजघराण्याबद्दल उणा शब्द, समाजमाध्यमांवरही, हा तीन ते पंधरा वर्षं तुरुंगवासाचा गुन्हा आहे. ई-सिगारेट बाळगणंही बेकायदा. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्थानकांत, बागांत राष्ट्रगीत वाजतं. सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. देवळात पाय पसरून बुद्धाकडे करू नयेत, लहान मुलाच्या डोक्यावरूनही प्रेमानं हात फिरवू नये. बुद्धमूर्ती विकत घेऊन देशाबाहेर न्यायला ललितकला विभागाचा परवाना लागतो. फसवणूक झाली तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155, इंग्रजीत बोलतात.

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पूजेच्या सुट्टीत विमानाचे भाव दुप्पट होतात आणि बँकॉकला पाऊस संपलेला नसतो. एप्रिल भाजून काढतो. पण 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो, बंगाली नववर्षाच्याच सुमाराला, आणि अख्खं शहर एकमेकांवर पाणी ओततं. भिजायची तयारी असेल तर जा, मोबाइल प्लॅस्टिकमध्ये बांधून. खरेदीसाठी शनिवार-रविवारचा चातुचाक बाजार पुरे आहे, मॉल कोलकात्यातही आहेत.

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी आगगाडीनं अयुथ्थयाला जाऊन या. ऐंशी किलोमीटर, साध्या डब्याचं तिकीट चहाच्या भावात. जळालेल्या राजधानीच्या विटा, आणि वाट महाथातलं झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक पाहिलं की बँकॉक कशाची भरपाई म्हणून बांधलं ते समजतं. पाच दिवसांची रजा मिळाली असेल तर पाचही दिवस असेच घालवा आणि टूरवाल्याला पट्टाया वगळायला सांगा. समुद्रच पाहायचा असेल तर बजबजहून दिघा जवळ आहे, आणि कोकणचा किनारा पाहिलेल्या माणसानं पट्टायापायी बँकॉकचे दोन दिवस खर्ची घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.